पॉप गाणी, तरुणपणीच्या पार्ट्या आणि घरातली मोठी माणसे : आपले अनुभव लिहावेत

जुन्या पॉप गाण्यांचा विषय निघाला की बोलणे बहुधा गायकांपाशी आणि चालींपाशीच घुटमळते. मला मात्र बरेच दिवस वेगळेच विचारावेसे वाटत आहे. ते गाणे तुम्ही कोणाच्या घरी ऐकले, कशावर ऐकले, त्यावर कोण नाचले, आणि त्या वेळी घरातली मोठी माणसे नेमकी कुठे होती? आपल्याकडे मुलामुलींनी एकत्र जमून त्या वळणाच्या गाण्यांवर नाचणे ही आपोआप घडणारी गोष्ट नव्हती. कोणाला तरी टेपरेकॉर्डर मागून आणावा लागे, कोणाला तरी जागा द्यावी लागे आणि घरातल्या कोणीतरी, बोलून किंवा न बोलता, होकार द्यावा लागे. तो होकार कसा मिळाला, हे मला त्या गाण्यांइतकेच मोलाचे वाटते. सुरुवात मी करतो.

दादर, १९८१

आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातले काका मस्कतला नोकरीला होते. त्या दिवाळीत त्यांनी दोन स्पीकरांचा, दोन्ही हातांनी उचलावा लागणारा टेपरेकॉर्डर आणला आणि आठवडाभर चाळीतले प्रत्येक मूल काही ना काही निमित्त काढून त्यांच्या दारात जाऊन आले. आदल्याच वर्षी 'कुर्बानी' चित्रपटातले 'आप जैसा कोई' हे गाणे गल्लोगल्ली वाजून गेले होते. मोठा वाद्यवृंद आणि टिपेला जाणारा गळा यांची सवय असलेल्या आमच्या कानांना नाझिया हसनचा आवाज अगदी निराळा वाटला, कारण ती गात आहे यापेक्षा शेजारी बसून काही सांगत आहे असेच वाटत असे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी ती जेमतेम १५ वर्षांची, म्हणजे आमच्याच वयाची होती. त्या गाण्याचा संगीतकार बिड्डू हा मूळचा बंगळुरूचा आणि पुढे लंडनमध्ये नाव कमावलेला. १९७४ सालचे जगभर गाजलेले 'कुंग फू फाइटिंग' त्यानेच घडवले होते, हे मला फार नंतर कळले. १९८१ मध्ये नाझिया आणि तिचा भाऊ झोहेब यांची 'डिस्को दीवाने' ही कॅसेट आली आणि काकांच्या त्या यंत्रावर आमच्या चाळीत तीच सर्वांत जास्त वाजली.

३१ डिसेंबरला गच्चीवर जमायचे ठरले. गच्चीच्या कुलपाची किल्ली ज्यांच्याकडे होती, ते गृहस्थ ऐकायला तयार नव्हते, आणि मुली येणार म्हटल्यावर तर त्यांनी विषयच संपवला. तेव्हा माझी आजी, जिला जिना चढताना दोनदा थांबावे लागत असे, म्हणाली, "मी बसते वर. मग तर झाले?" तिची अट एकच होती, की गच्चीवरचा दिवा मालवायचा नाही. तिसऱ्या मजल्यावरून वायर ओढून घेतली, पाण्याच्या टाकीजवळ तिची खुर्ची ठेवली, आणि शाल पांघरून, हातात जपमाळ घेऊन ती रात्री साडेबारापर्यंत तिथे बसून राहिली. आम्ही सतरा-अठरा जण होतो. वेफर्स, सामोसे आणि पातेलेभर सरबत एवढाच बेत होता. नाचता कोणालाच येत नव्हते, त्यामुळे पहिली तीन गाणी आम्ही नुसते गोल करून उभे होतो. नंतर कोणीतरी टाळ्या वाजवायला लागले, आणि मग पाय हलले.

कॅसेटची एक बाजू संपून खट् आवाज झाला, की नाचण्याच्या भरात तो कोणाच्या लक्षात येत नसे. आजीच्या मात्र तो बरोबर ध्यानात येई. जपमाळ न थांबवता ती म्हणे, "फीत संपली रे, उलटी करा." त्या रात्री ती किती वेळा म्हणाली असेल ते सांगता येत नाही, पण आजही ते गाणे कानावर पडले की त्याच्यामागून मला तेच वाक्य ऐकू येते. नाझिया हसन १३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये कर्करोगाने गेली. ती अवघी ३५ वर्षांची होती. बातमी वाचल्यावर मी त्या गच्चीवरच्या दोघातिघांना फोन केला, आणि आम्ही सर्वजण बोललो ते आजीविषयीच.

आता आपण लिहावे.

वसई, १९७९ ते १९८५

आपला प्रश्न वाचला आणि आमच्याकडची परिस्थिती किती वेगळी होती हे जाणवले. आम्ही वसईचे ख्रिस्ती, घरात कादोडी बोलणारे आणि मराठी शाळेत शिकलेले. आमच्याकडे नाचण्यासाठी परवानगी मागण्याचा प्रसंगच येत नसे, कारण मोठी माणसे बाजूला बसलेली नसत, ती मांडवाच्या मध्यभागी असत. लग्नात चर्चचा विधी आटोपला की संध्याकाळी केळीच्या वाडीलगत घातलेल्या मांडवात गावातलाच बँड वाजू लागे. ट्रंपेट फुंकणारा माणूस सकाळी शेतात पाणी लावताना दिसलेला असे. सुरुवातीला जिम रीव्ह्जची संथ गाणी असत आणि त्यावर आधी आईवडील, काकाकाकू अशी वयाने मोठी जोडपी उतरत. तरुणांची पाळी नंतर येई.

माझे वडील पहाटेच्या गाडीने भाजी आणि फुले घेऊन मुंबईला जात. केळीच्या चिकाने त्यांची बोटे कायमची काळवंडलेली होती आणि कितीही घासली तरी तो रंग जात नसे. आईबरोबर नाचताना तिच्या रेशमी साडीला घाम लागू नये म्हणून ते इस्त्री केलेला रुमाल चौघडी करून तळहातात धरत आणि तो हात तिच्या पाठीवर ठेवत. घरात ते दोघे एकमेकांशी फारसे बोलताना मला आठवत नाहीत. मात्र त्या रुमालाची घडी मोडू न देता संपूर्ण गाणे नाचणारे माझे वडील मी पाहिले आहेत, आणि नवराबायकोच्या नात्याविषयी मला जे काही समजले त्यातला मोठा भाग मी तिथे शिकले.

त्यानंतर बोनी एम लागे. नाताळात तर त्यांचे १९७८ सालचे 'मेरीज बॉय चाइल्ड' वाडीवाडीतून ऐकू येई, आणि एका घरातले संपून दुसऱ्या घरातले सुरू होईपर्यंत मधे जेमतेम कुत्र्याच्या भुंकण्याएवढी जागा उरे. आमच्या महाविद्यालयातले हिंदू मित्रमैत्रिणी एकदा माझ्या भावाच्या लग्नाला आले आणि खांबाला टेकून उभे राहिले. आपण नाचलो तर काय होईल, याची भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. माझ्या आईने त्यांतल्या सर्वांत लाजऱ्या मुलाचा हात धरला आणि त्याला सरळ आत ओढले. तिने त्याला पावले मराठीतच शिकवली, "उजवा, डावा, आता थांब." हेही सांगायला हवे, की आमच्याकडे देखरेख नव्हती असे मुळीच नाही. एखादी मुलगी एकाच मुलाबरोबर लागोपाठ दोनदा नाचली, तर दुसऱ्या दिवशी विहिरीवर सगळ्या मावश्यांना ते ठाऊक असे.

कराड, १९८८

मी अभियांत्रिकीच्या वसतिगृहात होतो आणि चार वर्षे तिथल्या प्रत्येक कार्यक्रमात टेप सांभाळण्याचे काम माझ्याकडे होते. नाचणाऱ्यांच्या आठवणी पुष्कळ लिहिल्या जातात. टेपपाशी बसणाऱ्याच्या फारशा कोणी लिहीत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आमच्याकडे चांगले स्पीकर नव्हते. एका मुलाने जुन्या रेडिओतला आठ इंची स्पीकर आणला होता. नुसता वाजवला तर त्याचा आवाज पत्र्यासारखा कोरडा येई. तोच स्पीकर माठाच्या तोंडावर पालथा बसवला, की खालचे स्वर एकदम भरून येत. माठाच्या पोटात हवेला घुमायला जागा मिळते, एवढाच त्यामागचा हिशोब होता, पण ड्रमचा ठोका छातीत जाणवू लागल्यावर आम्हाला तो चमत्कारच वाटला. माठ बाजारातून निवडून आणताना कुंभाराच्या दुकानात मी प्रत्येक माठाच्या तोंडाशी हुंकार देऊन पाहिला होता, आणि कुंभार म्हणाला होता, "पाण्यासाठी घेताय ना?" दिव्यांसाठी आम्ही ट्यूबलाइटचा स्टार्टर साध्या बल्बच्या वायरीत मधे जोडत असू. मग तो बल्ब स्वतःच उघडझाप करू लागे. त्यावर लाल, हिरवा जिलेटीनचा कागद गुंडाळला की भोजनगृहाचे डिस्कोत रूपांतर होई. उघडझाप गाण्याच्या तालात कधीच नसे, पण त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

गाणी भरून घेण्यासाठी बाजारपेठेत एक दुकान होते. वहीच्या पानावर यादी लिहून द्यायची, ९० मिनिटांची कोरी कॅसेट द्यायची आणि चार दिवसांनी जायचे. एका बाजूला ४५ मिनिटे बसतात, तेव्हा गाण्यांचा क्रम लावताना मी प्रत्येकाची मिनिटे मांडून बेरीज करत असे. तरीही शेवटी दोन-अडीच मिनिटांची जागा उरे, आणि तिथे तो दुकानदार, न विचारता, स्वतःच्या आवडीचे काहीतरी भरून देई. कधी माउथ ऑर्गनवरची धून असे, तर कधी एखादी लावणी. मायकेल जॅक्सनच्या दोन गाण्यांनंतर अचानक ढोलकी सुरू झाली की सगळे भोजनगृह ओरडे आणि नाच मात्र दुप्पट जोराने सुरू राही. त्या माणसाला आमच्या कार्यक्रमाविषयी काही ठाऊक नव्हते, तरी माझ्या दृष्टीने तो तिथे हजर असे.

एकदा स्नेहसंमेलनाच्या रात्री, फिशपाँड संपून नाच सुरू होण्याच्या अगदी आधी, फीत यंत्रात गुंतली. मी झाकण उघडले तेव्हा रबरी चाकाभोवती तपकिरी फितीचे वेटोळे बसले होते. ओढली असती तर लांबली असती, आणि लांबलेल्या फितीवरचा आवाज कायमचा रडका होतो. एका मित्राने विजेरी धरली आणि मी सुईने एकेक वेढा सोडवला. दोन बोटे लांबीचा भाग चुरगळला होता. तो ब्लेडने तिरका कापला, कारण सरळ कापले तर सांध्यावर खट् असा आवाज येतो. मग दोन्ही टोके फूटपट्टीच्या कडेला जुळवून मागच्या बाजूने चिकटपट्टी लावली आणि कडेने बाहेर आलेली पट्टी नखाने दाबून छाटली. हेड स्पिरिटच्या कापसाने पुसले. या सगळ्याला बारा-तेरा मिनिटे लागली असतील. तेवढा वेळ शंभरेक मुले आणि मुलींच्या वसतिगृहातून दोन तासांच्या परवानगीवर आलेल्या तीसेक मुली, कोणीही आरडाओरडा न करता, शांत उभ्या होत्या. गाणे सुरू झाले तेव्हा सांध्यापाशी एक शब्द गळला. पुढची तीन वर्षे आमच्या वसतिगृहात ते गाणे सगळे तो शब्द गाळूनच म्हणत.

मोठे माणूस म्हणाल तर आमचे रेक्टर सर होते. ते आत येत नसत. व्हरांड्यात आमच्याकडे पाठ करून उभे राहत, आणि साडेदहाला एकदाच वळत. ते वळले की मी टेप बंद करी. त्यांनी कधी हात केला नाही की हाक मारली नाही. मी स्वतः त्या चार वर्षांत एकदाही नाचलो नाही, आणि मला त्याचे वाईट वाटत नाही. कोणत्या गाण्याला कोण उठणार, कोण कोणाकडे पाहणार आणि कोण पाणी प्यायला बाहेर जाणार, हे त्या जागेवरून जेवढे दिसत असे तेवढे आणखी कुठूनही दिसले नसते.

लंडन, १९८७

आईवडील पुण्याचे, माझा जन्म वेम्ब्लीचा. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे आहे आणि आमचे सणवार तिथेच होत. गणपतीत आरत्या तोंडपाठ म्हणणारी मी, त्याच वर्षी कोणालाही न सांगता दुपारच्या भांगडा पार्ट्यांना जात होते. रात्री बाहेर राहण्याची मुभा आशियाई घरांतल्या मुलींना नव्हती, म्हणून या पार्ट्या भर दुपारी, शाळा-कॉलेजच्या वेळेत भरत. हॅमरस्मिथ पॅलेसारख्या मोठ्या सभागृहात अलाप आणि हीरा हे गट वाजवत. ढोलाला सिंथेसायझरची जोड असे आणि शब्द पंजाबी असत. त्यातले निम्मे मला कळत नसत. तरीही शाळेत आपण कोण आहोत हे सतत समजावून सांगावे लागणाऱ्या माझ्यासारख्या मुलीला तिथे कोणीच काही विचारत नसे, आणि त्या सुटकेला शब्दांची गरज नव्हती. स्वच्छतागृहात कपडे बदलायचे, चार वाजता परत गणवेश चढवायचा आणि नेहमीच्या बसने घरी यायचे, असा क्रम होता.

वीस वर्षांनी, माझी मुलगी तेरा वर्षांची झाली तेव्हा, मी आईला हे सांगितले. ती पोळ्या लाटत होती. लाटणे न थांबवता म्हणाली, "ज्या दिवशी डबा भरलेला परत यायचा, त्या दिवशी तू कॉलेजात नसायचीस, एवढे मला कळत होते." तिने बाबांना ते कधीही सांगितले नव्हते. त्या काळात तिचे वय आजच्या माझ्या वयापेक्षा कमी होते आणि परक्या देशात ही गोष्ट ती एकटीच मनात ठेवून होती, याचा विचार मी अजूनही करते.

कोथरूड, १९९६

पेठेतून नव्याने कोथरूडला राहायला आलेल्या आमच्या कुटुंबाच्या नियमांत मुलींनी रात्री दहाच्या आत घरी असणे हा पहिला नियम होता, आणि त्याला वर्षात एकच रात्र अपवाद होती, ती कोजागिरीची. जागरण हा त्या रात्रीचा धर्मच असल्यामुळे कोणाला ना म्हणता येत नसे. म्हणून आमच्या सोसायटीतल्या मुलींची पार्टी म्हणजे कोजागिरी, हे समीकरण झाले होते.

गच्चीवर शेगडी पेटवून मोठ्या पातेल्यात दूध ठेवले जाई. वेलदोडा, जायफळ, केशर आणि बदामाची पूड घालून ते आटेपर्यंत गाण्याच्या भेंड्या चालत. भेंड्यांत मोठ्यांचा वरचष्मा असे, कारण त्यांना सगळी जुनी गाणी कडव्यांसह येत. मग चांदणे बरोबर डोक्यावर आले, दूध वाटून झाले, की सूत्रे आमच्याकडे येत. आदल्या वर्षी अलिशा चिनॉयचे 'मेड इन इंडिया' आले होते, तेही बिड्डूचेच, हे वर दादरच्या अनुभवात त्यांचे नाव वाचून आठवले. त्या चित्रफितीतल्या मिलिंद सोमणविषयी आम्ही मैत्रिणी जे बोलत असू ते इथे लिहिण्यासारखे नाही. मात्र १९९६ ची कोजागिरी 'माकारेना'ची होती. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ते गाणे त्या वर्षी १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते आणि मुंबईच्या माझ्या मामेबहिणीने त्याच्या हालचाली केबलवर पाहून पाठ केल्या होत्या.

ती शिकवू लागली. दोन्ही हात पुढे, तळवे खाली, मग तळवे वर, मग हात खांद्यांवर, डोक्यामागे, कमरेवर, आणि शेवटी एक उडी मारून पाव वळसा. आम्हा मुलींचे हात सारखे चुकत होते. तेवढ्यात दूध ढवळत बसलेली माझी मावशी उठली, पदर खोचला आणि दुसऱ्याच प्रयत्नात संपूर्ण आवर्तन बिनचूक करून दाखवले. तिच्यामागून आणखी तिघी उठल्या. आमचे तोंडाने मोजणे चालले होते आणि त्यांच्या अंगात ते आधीपासूनच होते. मंगळागौरीच्या खेळांत जन्म गेलेल्या त्या बायकांना फुगडी, झिम्मा, पिंगा यांतली मोजणी आणि वळणे नवीन नव्हती. "यात अवघड काय आहे, हा तर हातांचा झिम्मा," असे मावशीने म्हटले. दर आवर्तनाला पाव वळसा असल्यामुळे तिची पाठ, मग तिचा चेहरा, मग वेताळ टेकडी, मग पुन्हा चांदण्यातली तिची पाठ, असे मला दिसत गेले.

गाणे कोणत्या भाषेत आहे हेही आम्हाला धड माहीत नव्हते. पुढे स्पॅनिश येणाऱ्या एका सहकाऱ्याने अर्थ सांगितला, तेव्हा कळले की प्रियकराची लष्करात भरती होत असताना त्याच्या दोन मित्रांबरोबर रमणाऱ्या मुलीचे ते गाणे आहे, आणि ते गाणारे दोघे स्पेनमधले मध्यमवयीन गृहस्थ होते. मावशी तोपर्यंत निवर्तली होती. तिला हा अर्थ सांगता आला असता तर ती काय म्हणाली असती, हे मला मनापासून ऐकायचे होते.

अंधेरी, १९९६

वरच्या कोजागिरीनंतर काही दिवसांतच, १ नोव्हेंबरला, मायकेल जॅक्सनचा अंधेरीच्या क्रीडासंकुलात कार्यक्रम झाला. तिकीट परवडण्यासारखे नव्हते. मी आणि माझा धाकटा भाऊ संकुलाच्या भिंतीबाहेर, शेकडो लोकांबरोबर रस्त्यावर उभे होतो. आतला प्रकाश आकाशात दिसे आणि आवाज वाऱ्याबरोबर कमीजास्त होई. जवळच्या इमारतीतल्या एका आजोबांनी खालच्या पायरीवर दोन घागरी पाणी आणि पेले आणून ठेवले आणि तेही आमच्यात उभे राहिले. सांगण्यासारखे एवढेच आहे, पण आपण मोठ्या माणसांविषयी विचारले म्हणून लिहिले.

कोल्हापूर, १९८०

मी कोणत्याही पार्टीला गेलेली नाही. तरीही लिहिते आहे, कारण माझ्याकडे त्या दिवसांतले एक गाणे आहे.

आमचा वाडा आणि शेजारच्यांचा वाडा यांच्यामध्ये एकच सामाईक भिंत होती. त्यांचे दोन मुलगे मुंबईला वैद्यकीय शिक्षण घेत आणि दिवाळीच्या सुट्टीत येताना नव्या कॅसेट घेऊन येत. भाऊबीजेनंतरच्या एका रात्री त्यांच्या माडीवर मित्रमंडळी जमत. माझा भाऊ जाई. मला बोलावणे असे, पण वडिलांना ते मान्य नव्हते आणि त्यावर घरात चर्चा होत नसे. मी धान्याच्या कोठीच्या खोलीत, भिंतीला लागून ठेवलेल्या कणगीवर बसून ऐकत असे. मातीची भिंत जाड असल्यामुळे शब्द विरून जात, ठोका मात्र पूर्ण येई, आणि तळवा भिंतीला टेकला तर तो हातातही येई. माझी आई कधी कधी दाराशी येऊन उभी राही. तिने मला एकदाही उठ म्हटले नाही. एकदा कंदील मात्र उचलून नेला, म्हणजे ओसरीवरून वडिलांना त्या खोलीत उजेड दिसू नये.

सलग तीन दिवाळ्या तीच कॅसेट वाजली. त्यामुळे गाण्यांचा क्रम मला इतका पाठ झाला, की आजही त्यातले एखादे गाणे कुठे लागले तर ते संपताच मनात पुढचे सुरू होते आणि प्रत्यक्षात दुसरेच काही लागल्यावर दचकायला होते. पहिल्या बाजूच्या शेवटी बोनी एमचे 'रासपुतीन' होते. १९७८ साली आलेले ते गाणे कोणी भरून घेताना फितीवरची जागा संपली असावी, कारण ते नेहमी मधेच, ठोका चालू असताना तुटत असे. मग माडीवर हसण्याचा आवाज, पावलांचा आवाज, आणि कॅसेट उलटी करण्याएवढी शांतता. माझ्यासाठी ते गाणे तिथेच संपत असे.

गेल्या दिवाळीत नात घरी आली होती. तिने मला विचारले की तुला कोणते गाणे ऐकायचे आहे, आणि माझ्या तोंडून तेच नाव गेले. तिने फोनवर लावून फोन माझ्या हातात दिला. ज्या ठोक्यावर ते नेहमी तुटत असे तो ठोका आला आणि मी सवयीने श्वास रोखून धरला. गाणे पुढे गेले. आणखी बराच वेळ चालले. अगदी शेवटी वाद्ये थांबतात, आणि एक पुरुषी आवाज, न गाता, नुसता बोलावा तसा, त्या रशियन लोकांविषयी सुस्कारा टाकल्यासारखे तीन शब्द म्हणतो.

मी नातीला ते पुन्हा लावायला सांगितले, फक्त शेवटापासून.